वधूच्या चार मिनिटांवर ठराव, वरातीच्या चार तासांवर मौन

लग्नसराई आली की आपल्या विहारांमध्ये एक विषय हमखास निघतो. स्वागत समारंभात नवरा-नवरीने स्टेजवर नाचावं की नाही? वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये हल्ली बऱ्याच बौद्ध लग्नांत हे दिसतं. बोधाचार्य त्रिशरण-पंचशील देऊन मंगल परिणय लावतात. त्यानंतर हॉलमधले दिवे मंद होतात, जमिनीवर पांढरा धूर सोडला जातो आणि नवं जोडपं एखाद्या हिंदी गाण्यावर चार मिनिटं नाचतं. पुढच्या रांगेतले काका-मामा माना खाली घालतात, मागच्या रांगेतल्या मुली मोबाइल वर करतात. दुसऱ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर सूर निघतो, "आपल्या समाजात ही थेरं नकोत. मंडळाने ठराव करून बंदच करून टाकावं."

आता ठरावाची भाषा आली आहे, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. हा नाच बंद करण्याची मागणी धम्माच्या आधारावर टिकत नाही आणि बाबासाहेबांच्या आधारावरही टिकत नाही. पण आज आपली मुलं-मुली ज्या पद्धतीने या नाचाचं नियोजन करतात, तेही आपल्या चळवळीच्या कसोटीला उतरत नाही. दोन्ही बाजू एकच प्रश्न टाळतात. त्या चार मिनिटांचा निर्णय कोण घेतं?

धम्मात नाच वर्ज्य आहे का?

विरोध करणाऱ्यांचा पहिला दाखला पाली भाषेतला असतो. नृत्य, गायन, वादन यांपासून दूर राहण्याचं शील धम्मात आहे, असं ते सांगतात. आहेच. पण ते पंचशीलात नाही. ते अष्टशीलातलं सातवं शील आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक-उपासिका ते त्या दिवसापुरतं घेतात, श्रामणेर आणि भिक्खू ते कायम पाळतात. शिवाय त्याच शीलात माळा, सुगंध आणि अलंकार यांचाही त्याग सांगितला आहे. हा नियम संसारी माणसाच्या लग्नाला लावायचा असेल तर वधू-वरांनी एकमेकांना पुष्पहार तरी कसे घालायचे? वधूच्या अंगावरचं सोनंही उतरवावं लागेल. तसा ठराव कोणी मांडत नाही. शीलाच्या एकाच ओळीतला अर्धा भाग उचलायचा आणि उरलेला सोडून द्यायचा, याला धम्माचं पालन म्हणत नाहीत.

विरोधकांना खरा आधार मिळाला असता तो दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात. बौद्ध लग्नात वधू-वर ज्या पाच-पाच प्रतिज्ञा घेतात, त्यांचं मूळ याच सुत्तात आहे. इथे तथागत सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला संपत्ती नासण्याची सहा कारणं सांगतात. पहिलं कारण मद्यपान. दुसरं अवेळी रस्त्यांवर भटकणं. तिसरं नाच-गाण्याचे खेळ शोधत हिंडणं. त्यापुढे जुगार, वाईट संगत आणि आळस. तिसरं कारण आपल्या विषयाला लागू पडतं, हे मी मान्य करते. पण ते कुठल्या यादीत आलं आहे ते पाहा. ती पैशाच्या नाशाची यादी आहे. पाय हलले म्हणून माणूस भ्रष्ट झाला, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. नाचामागे लागून घर धुऊन निघू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता याच यादीतलं पहिलं आणि दुसरं कारण वाचा आणि आपली वरात आठवा. वरात नाक्यावरून निघते, बेंजो वाजतो, टेम्पोच्या मागे बाटल्या उघडतात, रिक्षा आणि बस अडकून पडतात आणि अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्याला चार तास लागतात. पाचवं शील तिथे भर रस्त्यात मोडतं. ज्या घरात सकाळी 'सुरामेरय'पासून विरत राहण्याचं शील घेतलं, त्याच घरची माणसं संध्याकाळी झोकांड्या खात मंडपात येतात. यावर ठराव झाल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. मद्यपान यादीत पहिलं असूनही त्यावर मौन, आणि तिसऱ्यावर ठराव. असं का?

उत्तर सोपं आहे. वरातीत पुरुष नाचतात. हॉलमध्ये वधू नाचते.

बाबासाहेबांनी काय नाकारलं होतं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याच्यामागे आपल्या आज्यांचं दुःख आहे, म्हणून त्याला आदरानेच उत्तर दिलं पाहिजे. आक्षेप असा की, आपल्या बायकांना पिढ्यान्पिढ्या नाचवलं गेलं, त्या नाचातून बाबासाहेबांनी त्यांना बाहेर काढलं आणि आज आपण आपल्याच लेकींना पुन्हा स्टेजवर चढवतो आहोत.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. पवळा हिवरगावची, महार समाजातली. या जोडीने महाराष्ट्र गाजवला. बापूरावांना शाहीर म्हणून मान मिळाला, पवळाकडे मात्र लोकांनी देखणी बाई म्हणूनच पाहिलं. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, कारण तो महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. हा प्रसंग चळवळीत आजही सांगितला जातो. तमाशातल्या स्त्रियांचं शोषण आणि जात यांचं नातं शर्मिला रेगे यांनी उलगडून दाखवलं. शैलजा पाईक यांनी २०२२ साली आलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांवर लादलेलं 'अश्लील'पण आणि त्यांचा 'माणुसकी'साठीचा झगडा मांडला. हे सगळं वाचल्यावर कळतं की बाबासाहेबांनी नेमकं काय नाकारलं. जातीने लादलेला धंदा त्यांनी नाकारला. समोर बसलेल्याने पैसा फेकायचा आणि बाईने त्याच्या मर्जीचं गाणं करायचं, ही दौलतजादाची रीत त्यांनी नाकारली.

जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, वाघ्ये आणि पोतराज यांच्यासमोर बोलले. हे जिणं सोडा, लग्न करा, इतर स्त्रियांसारखा संसार करा, असं त्यांनी त्या बायकांना बजावलं. या सांगण्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुरळीचं लग्न लागायचं खंडोबाशी. तिला नवरा निवडण्याचा अधिकार नव्हता आणि नाच नाकारण्याचाही नव्हता. लग्न देवाशी आणि नाच गावासमोर, अशी ती व्यवस्था होती.

आज वर्तकनगरातली एखादी नर्स, एखादी बँकेत काम करणारी मुलगी पंचशील घेऊन आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करते आणि त्याचा हात धरून आपल्या माणसांसमोर नाचते. ही मुरळीची परंपरा आहे? मुरळीकडून जे जे हिरावलं होतं, ते ते या मुलीच्या हातात आहे. जोडीदार तिने निवडला. नाचायला "नाही" म्हणायची तिला मुभा आहे. तिच्या आजीला हे बघून भीती वाटली तर मी समजू शकते. पण ज्या पुरुषांना इतिहासात फक्त बाईचा नाच आठवतो आणि तिच्यावर पैसा फेकणारा हात आठवत नाही, त्यांचं काय करायचं?

एक गोष्ट विसरू नका. बाबासाहेब कलेचे शत्रू नव्हते. तमाशाचाच घाट घेऊन भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला आणि त्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. रंगमंच तोच ठेवून त्यावर कोण उभं राहणार आणि कोणासाठी, हे बदलायचं, ही आपली रीत आहे.

आणि नाचणं हा आपल्यासाठी साधा विषय कधीच नव्हता. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात आपल्या एका तरुणाचा खून झाला. तक्रारीनुसार, सवर्णांच्या वरातीत हत्यारं घेऊन नाचणाऱ्या जमावाने तो केला आणि गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता. कोणी कुठे नाचायचं आणि कोणी मान खाली घालून घरात बसायचं, हे ठरवणं म्हणजे जातीची सत्ता. बाहेर ती सत्ता आपल्यावर चालवली जाते. घरात आपण तीच आपल्या मुलींवर चालवणार असू, तर मग आपण बदललो कुठे?

अनुकरण कोणाचं?

तिसरा आक्षेप असा की हे पाश्चात्त्य फॅड आहे. जोडप्याने मिळून नाच सुरू करायचा, ही रीत युरोप-अमेरिकेतून आली, हे बरोबर. पण तिथला इतिहासही पाहा. ज्या वॉल्ट्झवर असे नाच होत, तो मध्य युरोपातल्या शेतकऱ्यांच्या नाचांतून वर आला. तो इंग्लंडच्या दरबारात पोचला तेव्हा १८१६ साली लंडनच्या 'द टाइम्स'ने त्याला असभ्य परदेशी नाच ठरवून आईबापांना सावध केलं होतं. म्हणजे "आपल्या मुली बिघडतील" हे वाक्यसुद्धा आपलं स्वतःचं नाही. तेही अनुकरणच आहे.

बाबासाहेबांची कसोटी वेगळी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाकायला सांगितलं. सवर्ण बायकांसारखं नेसा म्हणाले. याला कोणी अनुकरण म्हणेल. पण त्यातून स्वाभिमान वाढतो का, एवढंच ते पाहत होते. त्यांच्या कोटालाही कोणी साहेबी फॅड म्हणू शकलं असतं.

जोडप्याने लग्नात स्वतः पुढे येऊन काही करणं आपल्याला नवीनही नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाशिवाय लग्न लावलं. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू गप्प उभी राहत नाही. ती वराला स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि वर तिला वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी भर मांडवात वधूला तोंड दिलं गेलं. आज तिने पाय हलवले तर आपल्याला घाम फुटतो.

आता तरुणांनो, तुमच्याशी

इथपर्यंत वाचून खूश झाला असाल, तर जरा थांबा. हा नाच तुमचा आहे म्हणता. मग गाणं कोणी निवडलं? इव्हेंटवाल्याने. स्टेप कोणी ठरवल्या? कोरिओग्राफरने. धूर, फटाक्यांसारख्या थंड ठिणग्या, दिव्यांची जमीन आणि वेगळा कॅमेरावाला हे सगळं पॅकेजमध्ये आलं. त्या रीलमध्ये तुमचे चेहरे काढून दुसऱ्या कुठल्याही जोडप्याचे लावले तर काही फरक पडेल का?

मी बचतगटांबरोबर काम करते. लग्नासाठी काढलेलं कर्ज लग्नानंतर कोण फेडतं, हे मला रोज दिसतं. बहुतेक वेळा ते नवरीची आई फेडते. आपले आईवडील रेमंड, कॅडबरी, वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या आधाराने इथे आले आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत राहून त्यांनी आपल्याला शिकवलं. आज रेमंडच्या जागेवर टॉवर उभे आहेत आणि आपल्यातले कित्येक जण तिथे कंत्राटी कामावर जातात. पगार कंत्राटी आणि हौस मात्र टॉवरवाल्यांची. सुत्तातलं संपत्ती नासण्याचं तिसरं कारण ते हेच. बाबासाहेबांचं रमाईंशी लग्न भायखळ्याच्या बाजाराच्या मोकळ्या छपरीत लागलं. १५ एप्रिल १९४८ रोजी माईसाहेबांशी त्यांनी दिल्लीत राहत्या घरी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एकाही लग्नात स्टेज नव्हतं, म्हणून ती लग्नं कमी ठरली नाहीत.

दुसरी गोष्ट तालमीची. लग्नाच्या आधीचे दोन आठवडे पाहा. ड्युटी संपवून, लोकलने धक्के खात मुलगी तालमीला येते. मुलगा "मला नाही जमत, तू शिकून घे, मी ऐनवेळी मॅनेज करतो" म्हणतो. गाणं त्याच्या बहिणीने सुचवलेलं, घागऱ्याचा रंग त्याच्या आईने ठरवलेला. स्टेजवर तो तिला उचलून गोल फिरवतो, लोक टाळ्या वाजवतात. उचलली जाण्यापलीकडे तिचं त्या नाचात काही काम आहे का? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की लग्न होणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी म्हणून नाही. तुमचा नाच त्यातलं काय दाखवतो?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. गाणं रंगात आलं की एखादे काका किंवा मित्र स्टेजवर चढतात आणि नवरीच्या डोक्यावरून नोटा उधळतात. महाराष्ट्राने डान्सबारसाठी २०१६ साली जो कायदा केला, त्यात नाचणाऱ्या स्त्रीवर नोटा-नाणी फेकायला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या अनेक अटी रद्द केल्या. बक्षिसी हातात द्यायला परवानगी दिली, पण पैसे उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. जे बारमध्ये चालत नाही, ते आपण पंचशील घेऊन उठलेल्या मुलीवर करतो! दौलतजादा ती हीच. आणि त्या नोटा जमिनीवरून वेचतं कोण? केटरिंगला आलेली, आपल्याच वस्तीतली पोरं.

ठराव करायचाच असेल तर

मंडळांना माझी विनंती आहे. ठराव जरूर करा, पण तो असा करा.

एक. स्वागत समारंभात नाचायचं की नाही, हे वधू आणि वर दोघांनी मिळून ठरवावं. मंडळाने, सासरच्यांनी किंवा इव्हेंटवाल्याने ठरवू नये. वधू नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. रील बनवायची म्हणून तिच्यावर दबाव आणणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे.

दोन. कर्ज काढून नाच नको. गाणं मोबाइलवर आणि तालीम घरातल्या पलंगाशेजारी होऊ शकते. चार स्टेप दोघांना येत असतील तर चारच करा. चुकलात तर हसा. लोक तुम्हाला भेटायला आलेले असतात.

तीन. गाणं निवडताना शब्द ऐका. ज्या गाण्यात बाई म्हणजे वस्तू असेल किंवा जात मिरवली जात असेल, ते आपल्या मंडपात वाजता कामा नये. प्रेमाचं साधं गाणं चालेल. भीमगीतावर सगळ्यांनी मिळून ठेका धरलात तर उत्तमच. जलशाची परंपरा आपल्या पाठीशी आहे.

चार. नोटा उधळायच्या नाहीत. ज्याला आनंद व्यक्त करायचा आहे, त्याने तेवढी रक्कम वस्तीतल्या अभ्यासिकेला द्यावी.

पाच. वरातीत आणि मंडपात दारू बंद. रात्री दहाला आवाज बंद. हा ठराव आधी, बाकीचे नंतर.

सहा. जोडप्याचा नाच झाला की त्यांनी आपल्या आयांना मध्ये बोलवावं. आई विधवा असेल तर तिला सगळ्यात आधी. सुवासिनीच्या नावाखाली तिला बाजूला ठेवणारा धर्म आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला सोडला आहे. मग आपल्या मंडपात ती अजूनही खांबाआड का उभी असते?

आता मूळ प्रश्नाकडे येते. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्यं सांगितली आहेत, त्यातलं चौथं आहे पत्नीला अधिकार सोपवणं. लग्न लावताना वर ते सगळ्यांसमोर बोलतो आणि आपण "साधू, साधू, साधू" म्हणतो. त्यानंतर तासाभराने दिवे मंद होतात. घर कुठे घ्यायचं, पगार कोणी सांभाळायचा, मूल कधी होऊ द्यायचं, हे निर्णय अजून पुढे आहेत. नव्या संसाराने सगळ्यांसमोर घेतलेला पहिला निर्णय म्हणजे हा चार मिनिटांचा नाच. त्यात तिचा शब्द चालला असेल, तर ती प्रतिज्ञा खरी होती. चालला नसेल, तर बोधाचार्यांनी कितीही शुद्ध उच्चारात ती म्हणवून घेतलेली असो, ती वाऱ्यावर गेली.

ज्येष्ठांनी मुलींच्या पायांवर पहारा ठेवू नये. तरुणांनी त्या पायांना पॅकेजच्या दोरीने बांधू नये. येत्या लग्नसराईत वर्तकनगरातल्या कुठल्याही मंडळाने वरीलप्रमाणे ठराव केला, तर त्याच्या बैठकीला मी स्वतः येईन. आणि फक्त पहिला, जुना ठराव झाला, तर त्याला विरोध करायलाही येईन.

जय भीम! नमो बुद्धाय!